पाच नंबरचा जोडा

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी एकच विचारलं, "कड्यावरून पडला काय वो?" नाही. कड्यावरून तो कधीच पडला नाही. चिखलीच्या रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी एक ट्रॉली बंद पडून उभी होती, मागे ना दिवा, ना झाडाची फांदी, आणि तो कामावरून मोटारसायकलनं घरी येत होता. असे रोज कितीतरी लोक जातात. त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून लोकांना कडा हवा होता. मी आधी समजावून सांगत होते, मग चिडायला लागले, आणि शेवटी एका लांबच्या मावशीला "हो, कड्यावरूनच" असं सांगून मोकळी झाले. तिचं समाधान झालं. माझं डोकं दिवसभर उठलं होतं.

कड्याचा नाद त्याला पुण्यात शिकायला असताना लागला. शिक्षण संपवून तो परत आला तो एक दोर, पिशवीभर लोखंडी सामान आणि हा नाद घेऊन. आमचं गाव चिखली तालुक्याच्या टोकाला, पठार संपून घाट लागतो तिथं. शेतापलीकडे जमीन एकदम तुटते आणि खाली काळा कातळ उभा आहे. आम्ही लहानपणापासून त्या कातळाकडे पाठ करूनच वाढलो. तिकडे शेळ्या हरवतात आणि आग्या मोहोळ असतं, एवढीच त्याची ओळख. या पोरानं तिथं चढायच्या वाटा काढल्या. दोर धरायला कुणी मिळेना म्हणून मला धरलं. मी बुलढाण्याला शाळेत गणित शिकवते, सासरही तिथलंच. हिवाळ्यात दर रविवारी माहेरी जायला मला आयतं निमित्त मिळालं. आधी खाली उभी राहून नुसता दोर धरायचे, मग मीही चढायला लागले. सरपणाला जाणाऱ्या बाया थांबून बघत आणि विचारत, "मास्तरीणबाई, वर काय हाये?" वर काही नव्हतं. वर आमचंच तुरीचं वावर होतं आणि तिथं गाडीवाटेनं चालत जाता येत होतं.

चढायचे पहिले बूट त्यानं पुण्यातल्या कुणा मित्राचे वापरलेले आणले होते. त्यांचा तळ पुढून फाटला आणि नवा जोडा घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यानं महिनाभर घर डोक्यावर घेतलं. वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीनं आखून काढला. अंगठा लांब की त्याच्या शेजारचं बोट लांब, हे बघायला आई, बाबा, मी, सगळ्यांचे पाय ओसरीवर मांडून झाले. बूट संध्याकाळी बघायचे, कारण दिवसभरात पाय फुगतो. मोजे न घालता बघायचे. टाचेत हवा राहता कामा नये. बोटं पुढं टेकून जराशी वाकली पाहिजेत, पण कळ येता कामा नये. दुसऱ्याचं ऐकून घेऊ नयेत, आपल्या पायाला कुठला साचा बसतो ते घालूनच कळतं. हे सगळं तो जेवताना सांगायचा. बाबा ऐकत आणि म्हणत, "मी बैल घेतानी एवढं नाई पाह्यत बे." पण मनातून त्यांना बरं वाटत होतं. पोरगा वस्तू पारखून घेतो आहे, हे त्यांना फार आवडायचं.

शेवटी तो पुण्याला जाऊन जोडा घेऊन आला. त्याचा पाय सातचा. बूट होते पाचचे. ही गोष्ट त्यानं फक्त मला सांगितली, तीही कातळाखाली बसून. "घरी सांगू नको ताई, बाबा वापस करायले लावतीन." चढायचे बूट असेच घेतात, चालायच्या बुटापेक्षा एक-दोन नंबर लहान. भाकरीच्या काठाएवढ्या कपारीवर अंगठ्याच्या जोरावर उभं राहायचं असतं, बुटात पाय हलला तर सगळं संपलं. वर पोचला की तो दोर सोडायच्याही आधी बूट काढायला लागायचा, मी ओरडायचे. "लय चावते ताई," म्हणायचा आणि हसायचा. मग दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून जोडा गळ्यात टाकायचा आणि तुरीच्या ओळींमधून अनवाणी घरी यायचा.

बुटांची उस्तवार तो जशी करायचा तशी त्यानं स्वतःच्या दाढीचीही कधी केली नाही. घरी आल्या आल्या ओल्या फडक्यानं तळाचं रबर पुसायचं, शिवणीतली माती जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढायची, नाड्या पार सैल करून जीभ बाहेर ओढायची आणि जोडा सावलीत वाऱ्याला ठेवायचा. वास फार यायचा, म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला. ऊन मात्र अजिबात नाही. या बुटांचा तळ शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात डांबर वितळतं तिथं चिकटवलेल्या तळाची काय कथा. मग घरातली सगळ्यात गार जागा कोणती? पाण्याच्या माठाशेजारची. त्यानं जोडा तिथं ठेवला आणि आईनं तो अंगणात भिरकावला. "प्याच्या पाण्याजवळ जोडे? घर बाटवतं काय?" दुसऱ्या दिवशी जोडा परत माठाशेजारी. हे भांडण बरेच दिवस चाललं. एका रविवारी मी गेले तर मागच्या खोलीत कोपऱ्यात एक गळका माठ होता, बाहेरून ओलं पोतं गुंडाळलेला, आणि जोडा त्या माठात. आईनंच केलेलं ते. विचारलं तर म्हणाली, "मंग काय करू, डोकं खाल्लं त्यानं माहं."

तो गेला तेव्हा त्याच्या पायात रोजची सँडल होती. एक मिळाली, एक नाही.

आमच्या घरात तेराव्याला जावयाला दान देतात. गादी, तांब्या, छत्री, काठी आणि जोडा. गेलेल्याला पुढं मोठी वाट चालायची असते, तापलेल्या वाळूची, काट्याकुट्याची. इथं जावयाच्या पायात जे घालाल ते तिथं त्याच्या पायात पडतं, अशी समजूत. मी गणिताची बाई, माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवसांत मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. घरात जावई एकच, माझा नवरा. भावाचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे अग्नी बाबांनी दिला, सगळे विधी बाबांनीच केले. बाकी सामान माझा नवरा आणतो म्हणाला, तर बाबांनी जोडा तेवढा बाजूला काढला. "पोराचा जोडा मी आणतो. मांगं कोणी येऊ नका."

आणि ते एकटे एसटीनं चिखलीला गेले.

नंबर त्यांनी कुणाला विचारला नाही. विचारता आलं नसावं. मिळालेली एक सँडल पोलिसांकडे होती, ऑफिसच्या बुटांच्या आतला नंबर घामानं पुसून गेला होता. म्हणून निघण्याआधी त्यांनी मागच्या खोलीत जाऊन गळक्या माठातून चढायचे बूट काढले. जिभेच्या मागं शिवलेल्या पट्टीवर नंबर स्वच्छ होता. ज्या जोड्यासाठी पोरानं महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं, पाय आखून आखून नंबर ठरवला, त्याच्यावरचाच नंबर खरा असणार. यात चूक काय आहे? मी पुष्कळदा विचार केला. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं. नाड्यांचे बूट तिथं बांधत बसायला नको आणि काटाही लागायला नको, म्हणून त्यांनी चिखलीचा बाजार पालथा घालून बिननाडीचा, पण पुरता बंद, चांगल्या चामड्याचा तपकिरी जोडा आणला. पाच नंबरचा.

दुकानात काय झालं ते त्यांनी फक्त एकदा सांगितलं, मला एकटीला. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी? बाबा म्हणाले, पोरासाठी. तो म्हणाला, "पोराले संगं आणा लागत होतं ना बाबा, घालून पाह्यला असता." बाबा म्हणाले, "त्याले टाईम नाई." एवढं सांगून त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

तेराव्याला माझ्या नवऱ्यानं जोडा घालून अंगणात चालून दाखवायचं होतं. त्याचा पाय नेमका माझ्या भावाएवढा, दोघं एकमेकांच्या चपला सर्रास घालून जायचे. त्यानं पाय घातला आणि मला त्याचा चेहरा दिसला. त्यानं टाच बाहेर ठेवली, जोड्याची मागची बाजू टाचेखाली मोडली आणि पँट वरून ओढून घेतली. चालला. बाबा हात जोडून उभे होते. आई भिंतीला टेकून बसली होती, तिला काही दिसत नव्हतं. परत येताना स्कूटरवर तो मला म्हणाला, "लहान हाये जोडा. लय लहान." मी म्हटलं, माहीत आहे.

जोडा आम्ही घरी आणून कपाटावर ठेवला. पण दान दिलेली वस्तू नुसती ठेवून भागत नाही, जावयानं ती वापरावी लागते. आई फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायची, "जावईबापू घालतात ना जोडा?" मी हो म्हणायचे. माझा नवरा गरीब माणूस, देवधर्मात फारसा नाही, पण आईला खोटं सांगितलेलं त्याला सोसेना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरून पूजतात. भावाची ती पहिलीच आखाजी. त्या दिवशी त्यानं तो जोडा पिशवीतून सोबत आणला, गावाबाहेर रस्त्यावर घातला आणि तिथून घरापर्यंत चालत आला. या वेळी टाच आत कोंबली होती.

आईनं पाय धुवायला पाणी आणलं. ती स्वतः तांब्यातून पाणी घालत होती. जोडा निघाला आणि तिनं त्याचे पाय बघितले. टाचेला साल निघाली होती, अंगठे लाल, करंगळीवर फोड. पाणी घालून झालं, टॉवेल दिला. मग खाली वाकून तिनं जोडा उचलला, उलटा केला आणि आपली वीत त्याच्या तळाला लावून बघितली.

स्वयंपाकघरात मी पुरणाचं बघत होते. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"कितीचा हाये जोडा?"

"पाचचा."

"त्याचा तं सात होता."

"हाव."

"मंग?"

मी सांगितलं. बाबांनी कुठल्या बुटावरचा नंबर बघितला, तो बूट लहान का होता, सगळं. सांगून झालं तर म्हणाली, "म्हंजे दान देल्लं तवापासून तो यातच चालून राह्यला."

मी म्हटलं, आई, असं नसतं. ती म्हणाली, "तुले काय माहीत?" खरंच, मला काय माहीत. मग माझा हात धरून, इतका घट्ट की बांगडी रुतली, ती म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू नको. त्याइले वाटते, आपण पोराले चांगला जोडा देल्ला."

दुसऱ्या दिवसापासून तिनं पायात चप्पल घालणं सोडलं.

आखाजीचं ऊन म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. काळी जमीन तापते, ढेकळं टोचतात, वर बाभळीचे काटे. त्यातून ती वावरात जायची, विहिरीवर जायची, भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायची, अनवाणी. बाबांनी विचारलं तर म्हणाली, नवस हाये. कशाचा? तर तो सांगायचा नसतो. बाबा चरफडले, पण नवस म्हटल्यावर त्यांचा इलाज चालेना. मला मात्र खरं कारण माहीत होतं, आणि दर रविवारी मी तिचे पाय बघायचे. आधी फोड, मग फोड फुटून घट्टे, मग टाचांना पडलेल्या भेगा, त्यात माती. मी भांडले, रागावले, एकदा तर चप्पल तिच्यापुढं आपटली. ती म्हणायची, "त्याच्या पायाले चावते अन् मी चपला घालून हिंडू काय?" भूमितीची शंभर प्रमेयं मला पाठ आहेत, त्यातलं एकही इथं उपयोगाचं नव्हतं.

मी उपाय काढले. वर्षश्राद्धाला सातचा जोडा आणून पुन्हा दान देऊ. तर म्हणाली, दान तुझ्या बाबांच्या हातून व्हायला हवं, त्यांच्या हातावर पाणी सोडून. मग ते विचारतील, दुसरा जोडा कशाला? मग त्यांना कळेल. मी म्हटलं, गुपचूप एखाद्या गरजूला देऊन टाकू. ती म्हणाली, "चोरून देल्लेलं पोचते काय?" सगळ्या वाटा बंद होत्या आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बाबा उभे होते. घरी कुणी आलं की ते अजूनही सांगायचे, "जोडा मी सोता पाहून आणला. नंबर बरोबर पाहून." आई आत चहा ठेवत असायची. तिच्या हातून भांडं वाजायचं नाही.

पावसाळ्यात तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि आत राहिला. ती बोलली नाही. पाय सुजून गुडघ्यापर्यंत लाल झाला तेव्हा बाबांचा फोन आला. चिखलीला दवाखान्यात नेलं, चिरा देऊन काटा काढला, पू काढला. डॉक्टरांनी साखर तपासली, ती वाढलेली निघाली. पुढच्या वेळी बोट काढावं लागेल, कदाचित पाऊल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि चपलेशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. आईनं मान हलवली. घरी येऊन पट्टीचा पाय तसाच मातीत. मला त्या दिवशी तिची इतकी भीती वाटली की राग यायचा राहिला. भाऊ गेला होता, आणि आता ही माझ्या डोळ्यांदेखत आपले पाय त्याच्या मागं पाठवत होती.

सोयाबीन निघालं, हरभरा पेरला गेला, त्या सुमारास एका रविवारी बाबा मंडीत गेले होते आणि घरात आम्ही दोघीच होतो. मी नेहमीसारखी मागच्या खोलीत गेले. भावाचा जोडा मी तसाच सांभाळत होते. चढायचं मी सोडलं होतं, दोर धरायला माणूस नव्हतं आणि मनही नव्हतं. पण रबर पडून राहिलं की कडक होतं, तळ सुटायला लागतो, आतलं चामडं बुरसतं, म्हणून दर आठवड्याला पुसायचे, पाला बदलायचे, पोतं ओलं करायचे. कशासाठी, ते विचारू नका. त्या दिवशी जोडा घेऊन मी ओसरीवर आले आणि आईच्या शेजारी बसून पुसायला लागले. तिच्या पायाची जखम भरत आली होती.

मी पुन्हा प्रयत्न केला. म्हटलं, बघ, हे त्यानं स्वतःच्या मर्जीनं घेतलेले बूट आहेत. लहान, घट्ट, चावणारे. महिनाभर विचार करून त्यानं पाचच नंबर घेतला. त्याला घट्टच आवडायचा. तुला वाटतं तसा त्याला त्रास होत नसेल.

"चढायले घट्ट पाह्यजे," ती म्हणाली. "चालायले?"

चालताना तो हे घालतच नव्हता, मी म्हटलं. वर पोचला की लगेच काढायचा.

"मंग घरी कसा याचा?"

"अनवाणी. जोडा गळ्यात."

बोलून गेले आणि कळलं की आपण काय बोललो. तिनं अंगणाकडे बघितलं. "तसाच चालून राह्यला असन मंग तिथंबी," ती हळूच म्हणाली. "जोडा हातात धरून. अनवाणी." आणि ती रडायला लागली. तेराव्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. समजूत घालायला गेले होते आणि त्याच्या पायात होता तो चावणारा जोडाही मी काढून घेतला होता.

मग तिनं डोळे पुसले आणि माझ्या मांडीवरचा एक बूट घेतला. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं, माठात ठेवतानाही ती तो चिमटीत धरायची. तिनं आतला पाला झटकला, जीभ ओढली, आणि आपला उजवा पाय, तो चिरा दिलेला, बुटात घातला. मी म्हणाले, आई, जखम. तिनं ऐकलं नाही. पाय सरळ आत गेला. दुसराही घातला. नाड्या तिला बांधता येईनात, त्या मी बांधल्या. ती भिंतीला धरून उठली, ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. नऊवारीखाली ते काळे-पिवळे बूट. हसू यावं असं दृश्य होतं. मला आलं नाही.

"मले तं बरोबर येते," ती म्हणाली. "चावत नाई काई."

कसा चावेल? तिचा पाय पाचचाच. मी ते बोलले नाही, पण तिलाही ते ठाऊक होतं, कारण खाली बसल्यावर ती बूट तसेच पायात ठेवून बराच वेळ काहीतरी जुळवत राहिली. आणि मग एखाद्या लग्नाची व्यवस्था सांगावी तशा आवाजात सांगायला लागली.

"मी जाईन तवा माह्या तेराव्याचा जोडा तू आणजो. तुह्या बाबाले पाठवू नको. माह्या नंबरचा आणू नको, त्याच्या नंबरचा आणजो. सातचा. बाप्याचा. चांगला पाहून, जावईबापूइले घालून पाह्यला लावजो आधी."

"अन् तू?"

"मले हा पाचचा होते. त्याचा मी घालीन, माहा त्याले देईन. थोडंच तं अंतर राह्यलं असन, गाठीन मी त्याले."

तिनं माझ्याकडे बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं. "पाय धड पाह्यजेत मंग मले," असं म्हणून तिनं मला बूट सोडायला लावले आणि दाराआडच्या, धूळ बसलेल्या आपल्या चपला आणायला सांगितल्या. मी आणल्या, फडक्यानं पुसल्या, तिच्या पायापुढं ठेवल्या. तिनं त्या घातल्या.

"बाप्याचा जोडा कायले आणला म्हणून लोकाइनं इचारलं तं सांगजो," ती म्हणाली, "बुढीचे पाय मोठे होते."